जमीन घेण्याआधी तिचा मे महिना पाहा : अकलूज परिसर, उपग्रहाच्या प्रतिमा आणि आपली दोन एकर

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन, अशी ही २००४ ची योजना. सुरुवातीला निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते. २०१८ मध्ये ती पूर्ण अनुदानाची झाली आणि त्याच वेळी खरेदीच्या भावाला मर्यादा घातली गेली : जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला एकरी आठ लाख रुपये.

आता अकलूजमध्ये कोणत्याही टपरीवर चहा घेताना विचारून पाहा, पाटाखालची काळी जमीन एकरी आठ लाखांत कोण देतो का. लोक हसतील. मग या भावात समाजकल्याण खात्याला विकायला जी जमीन पुढे येते ती कोणती असते? कधी खरोखरच गरजू शेतकऱ्याची चांगली जमीन असते, हे मान्य. पण पुष्कळदा ती मालकाला नकोशी झालेली असते. विहिरीचे पाणी जानेवारीत संपणारी, मिठाने पांढरी पडलेली, किंवा नुसता मुरूम. कागदावर मात्र 'विहीर बागायत' लिहिलेले असते, पाहणीच्या दिवशी विहिरीत पाणीही दिसते, कारण पाहणी दिवाळीच्या सुमारास झालेली असते.

एकदा जमीन नावावर झाली की ती विकता येत नाही आणि दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणजे चुकीचा तुकडा पदरात पडला तर पुढच्या पिढीलाही तोच. म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. त्या जमिनीचा गेल्या आठ-दहा वर्षांचा इतिहास आकाशातून टिपलेला आहे, तो फुकट पाहता येतो, आणि तो पाहायला संगणकाची पदवी लागत नाही.

एक चौकोन म्हणजे एक आर

युरोपीय अंतराळ संस्थेचे 'सेंटिनेल-२' नावाचे उपग्रह आहेत. पहिला २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये सोडला गेला. दोन्ही मिळून साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. त्यांच्या प्रतिमेतला एक चौकोन जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो. १०० चौरस मीटर. म्हणजे बरोबर एक आर, आणि जवळजवळ एक गुंठा. आपल्या सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते, तेव्हा हिशेब अगदी सोपा आहे. दोन एकर म्हणजे ८१ आर, म्हणजे प्रतिमेत सुमारे ८१ चौकोन. त्यातल्या प्रत्येक चौकोनाचा रंग दर पाच दिवसांनी, ढग नसतील तर, नोंदवला जातो.

अमेरिकेचा लँडसॅट कार्यक्रम याहून जुना आहे. तो १९७२ पासून चालू आहे आणि २००८ पासून त्याचा सगळा साठा मोफत खुला आहे. पण १९८४ नंतरच्या त्याच्या प्रतिमेतही एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे नऊ आरचा असतो. दोन एकराला जेमतेम नऊ चौकोन मिळतात. आपल्या इस्रोने १९८८ मध्ये आयआरएस-१ए सोडला आणि पुढे रिसोर्ससॅट मालिका आणली. इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर २००९ पासून जमीन वापराचे, पडीक जमिनीचे, पाणलोटाचे नकाशे पाहायला मिळतात. महाराष्ट्र सरकारचे स्वतःचे सुदूर संवेदन केंद्र नागपूरला आहे.

उपग्रहाला पीक कसे कळते? हिरव्या पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. मोकळी माती दोन्ही साधारण सारखेच परतवते. उपग्रह या दोन्हींची मोजणी करतो. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचे, की उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये येते. याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. शास्त्रज्ञांच्या बोलण्यात 'एनडीव्हीआय'. नांगरलेल्या रानात तो ०.१ ते ०.२ च्या आसपास असतो, दाट उभ्या उसात ०.६ च्या वर जातो, पाण्यावर उणे येतो. बस, एवढेच गणित आहे. बाकी सगळे महिने आणि वर्षे ताडून पाहण्याचे काम.

एका तालुक्यात दोन तालुके

अकलूजवर प्रतिमा उघडली की पहिली नजर जाते ती उत्तरेच्या हिरव्या पट्ट्यावर. नीरा नदी पश्चिमेकडून येते, अकलूजला वळसा घालत पुढे नरसिंगपूरजवळ भीमेला मिळते. नदीच्या दक्षिणेला नीरा उजवा कालवा. याच पाण्यावर १९३० च्या दशकात माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला, पुढे सहकारी कारखाने आले आणि माळशिरस तालुक्याचा हा भाग उसाचा झाला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, त्यामुळे मे महिन्याच्या प्रतिमेतही इथे गडद हिरवे तुकडे असतात. त्याच प्रतिमेत थोडे उत्तर-पूर्वेला गेलात की उजनीचा फाटे फुटलेला जलाशय दिसतो.

आता नजर खाली, दक्षिणेला न्या. नातेपुते-माळशिरस-वेळापूर हा पालखीचा रस्ता ओलांडून पिलीवच्या बाजूला गेले की रंग बदलतो. तपकिरी, फिकट, कुठे मुरमाचा तांबूसपणा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिरवे ठिपके दिसतात, मार्चपर्यंत ते विहिरींभोवती आक्रसतात. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि उसाला वर्षभरात लागणारे पाणी त्याच्या चौपट. हा फरक कालव्याने आणि उपशाने भरून निघतो, आणि कालवा सगळ्यांच्या शेताजवळून जात नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात माळशिरस होता. अकलूजचे ऊसपट्टे पाहणाऱ्याला हे खोटे वाटेल आणि पिलीवच्या माणसाला हे उशिरा सुचलेले वाटेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. आणि इथे एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणे दुष्काळ ठरवताना पावसाबरोबर उपग्रहावरून काढलेला हाच वनस्पती निर्देशांक, मातीतील ओलावा, भूजल, पेरणी हे निकष लावले जातात आणि मग निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. सरासरी तालुक्याची काढली तर कालव्याखालचा ऊस दक्षिणेच्या करपलेल्या ज्वारीला झाकून टाकू शकतो. तेव्हा 'आमच्या मंडळाचा आकडा वेगळा दाखवा' ही मागणी करायला आपल्याला आकडा वाचता आला पाहिजे.

साखर उद्योग तो केव्हाच वाचायला शिकला आहे. देशातल्या कारखान्यांची संघटना 'इस्मा' दरवर्षी गाळपाआधी उपग्रहाच्या प्रतिमा घेऊन उसाचे क्षेत्र किती हे ठरवते. पलीकडे बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उपग्रह, हवामान केंद्रे आणि मातीतले सेन्सर जोडून ऊसशेतीचा प्रयोग चालवला आहे. पीकविमा, कर्जवाटप, ई-पीक पाहणी, सगळीकडे वरून घेतलेले चित्र आता कामात येते. ज्याच्याकडे शंभर एकर आहे तो हे वापरतो. दोन एकरवाल्याला याची गरज त्याहून जास्त आहे, कारण त्याला चूक परवडत नाही.

'बागायत' खरी की कागदाची

समजा, योजनेतून दक्षिण पट्ट्यातली दोन एकर जमीन बागायत म्हणून दाखवली आहे. गट नंबर घ्या. महाराष्ट्र शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटाचा आकार आणि शेजारचे गट पाहा. प्रत्यक्ष जमिनीवर मोबाईल घेऊन जा आणि चारही कोपऱ्यांवर उभे राहून अक्षांश-रेखांश टिपून घ्या. गावचा जुना नकाशा साखळीने मोजून काढलेला असतो, तो उपग्रहाच्या प्रतिमेवर जसाच्या तसा बसत नाही, कधी दहा-वीस मीटर सरकतो. म्हणून नुसत्या गटनकाशावर विसंबू नका.

मग युरोपच्या कोपर्निकस ब्राउझरवर मोफत खाते उघडून त्या चार कोपऱ्यांची चौकट आखा. तिथे तारीख निवडता येते, वनस्पती निर्देशांकाचे चित्र लावता येते आणि निवडलेल्या चौकटीचा वर्षानुवर्षांचा आलेखही काढता येतो.

आमचा एकच नियम आहे : वाईट वर्षाचा मे महिना पाहा. चांगल्या पावसाच्या वर्षी नोव्हेंबरात माळरानही हिरवे असते, त्यावरून काही कळत नाही. २०१६ चा उन्हाळा, २०१९ चा उन्हाळा, २०२४ चा उन्हाळा, ही तिन्ही दुष्काळी वर्षे आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे झाला होता, हे जिल्ह्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या मे महिन्यांत ही ८१ चौकोनांची जमीन हिरवी होती का? तिन्ही वर्षी मोकळी आणि फक्त २०२० ते २०२२ या बऱ्या पावसाच्या वर्षांत हिरवी दिसत असेल, तर ती जमीन पावसावर अवलंबून आहे. तिच्यासाठी बागायतीचा भाव आणि दोन एकरच क्षेत्र, हा सौदा लाभार्थ्याच्या तोट्याचा आहे. त्याला त्याच योजनेत चार एकर जिरायत मागता आली असती.

आलेखाचा आकारही बोलतो. ऊस असेल तर रेषा वर्षभर वर राहते, तोडणीला एकदम खाली कोसळते आणि खोडवा फुटला की दोन-तीन महिन्यांत पुन्हा चढते. रब्बी ज्वारीची रेषा ऑक्टोबरअखेर चढू लागते, डिसेंबर-जानेवारीत माथ्यावर असते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरते. पाच वर्षांत रेषा कधीच वर गेली नसेल तर ते रान पडीक आहे, मग सातबाराच्या पीकपाहणीत काहीही लिहिलेले असो. सातबारावर गहू आणि आकाशातून पडीक, असे निघाले तर ती तफावत छापील पुराव्यासह जिल्हा समितीपुढे मांडा. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि अर्ज सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे जातो. तोंडी तक्रार फाइलला लागत नाही, तारीख असलेले चित्र लागते.

अरुंद पट्टीच्या जमिनीत सांभाळून वागा. वीस मीटर रुंदीच्या पट्टीत काठावरचे बहुतेक चौकोन निम्मे शेजाऱ्याच्या उसाचे असतात आणि आपले रान फुकट हिरवे दाखवतात. पावसाळ्यात ढगांमुळे जून ते सप्टेंबरच्या कित्येक प्रतिमा वाया जातात. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, त्यांत ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्यावरून सुटलेला इस्रो आणि नासाचा 'निसार'ही आला. पण रडारची प्रतिमा वाचणे नवशिक्याचे काम नाही. आपल्या तपासणीला उन्हाळाच पुरतो.

पांढरे डाग

कालव्याखालच्या जमिनीचा धोका वेगळा आहे. तिथे पाणी कमी नसते, जास्त असते. भारी काळ्या मातीत वर्षानुवर्षे पाट सोडला, निचरा नसला, की खालचे पाणी वर चढते आणि उन्हाळ्यात बाष्प होऊन उडताना मीठ वर ठेवून जाते. दख्खनच्या कालव्यांवर हे शंभर वर्षांपूर्वीच दिसू लागले होते. नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली, तिच्यात ऊस ठरावीक भागातच घ्यायचा आणि बाकी रानात हलक्या पाण्याची पिके फिरवायची अशी योजना होती. पाणी एका ठिकाणी साचू नये आणि अधिक गावांना पोहोचावे, हा तिचा गाभा. पुढे काय झाले ते आपण पाहतोच.

अशी क्षारपड जमीन मार्च ते मे या काळात साध्या रंगीत प्रतिमेतही पांढरट चट्ट्यांसारखी दिसते. शेजारी दाट ऊस आणि मध्येच एक खरजेसारखा तुकडा, दरवर्षी त्याच जागी, हळूहळू मोठा होणारा. कालव्याखालची जमीन बाजारभावापेक्षा फार स्वस्तात मिळत असेल तर हा चट्टा पहिल्यांदा शोधा.

पण नुसत्या पांढऱ्या रंगावर निकाल देऊ नका. उघडा पडलेला चुनखडीचा मुरूम, वाळलेला पाचट, नवा खोदलेला शेततळ्याचा भराव, हे सगळे वरून पांढरेच दिसते. त्या जागी जाऊन माती घ्या आणि प्रयोगशाळेत द्या. क्षारता चार डेसीसायमनच्या वर आणि सामू साडेआठच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. निचऱ्याचे चर काढून आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन ती सुधारता येते. सामू साडेआठच्या वर गेला आणि माती ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी होत असेल तर ती चोपण. तिला जिप्सम लागते, ताग-धैंचा गाडावा लागतो, पैसा आणि वर्षे दोन्ही जातात. भूमिगत निचरा तर एकट्या दोन एकरवाल्याच्या आवाक्यातला नाहीच, कारण आपले पाणी काढून सोडायचे कुठे, तर शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला. त्याची परवानगी कशी मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

दोन एकरात काय करायचे

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यातला मुद्दा आजही कामाचा आहे. जमीन लहान आहे एवढ्यावरून ती तोट्याची ठरत नाही. तिच्या जोडीला भांडवल, अवजारे, श्रम किती आणि कोणत्या प्रमाणात आहेत यावर ते ठरते. सगळे तुकडे एकत्र केले की शेती सुधारली, असे मानणाऱ्या त्या काळच्या तज्ज्ञांना त्यांनी हे हिशेबाने दाखवले. आपल्या दोन किंवा चार एकराकडे याच नजरेने पाहायला हवे. त्या जोडीच्या साधनांत आज पाण्याची माहिती हे एक साधन आहे.

प्रतिमेवरून पाणी मार्चला संपते असे दिसत असेल तर ऊस लावायचा नाही. शेजारचा लावतो म्हणून तर मुळीच नाही, त्याची पाइपलाइन नदीवरून आलेली असते. आपल्या जिल्ह्याची रब्बी ज्वारी, मंगळवेढ्याची मालदांडी जिच्यासाठी प्रसिद्ध आहे ती, जमिनीतल्या ओलीवर येते आणि कडबाही देते. मुरमाड, निचऱ्याच्या हलक्या रानात डाळिंब येते हे सांगोल्याने दाखवले, मात्र तेल्या रोगाने बागा गेलेल्या लोकांशी आधी बोलावे. बांधावर शेवगा, थोडा चारा आणि चार शेळ्या, हे ऐकायला किरकोळ वाटते. पण वाईट वर्षी घर यावरच तरते.

शेततळे किंवा चर कुठे घ्यायचे हे उंचसखलपणाच्या नकाशावरून ठरते. तोही तीस मीटरच्या चौकोनात मोफत मिळतो. एवढ्या जाड चौकोनात दोन एकराचा उतार नीट कळत नाही, पण दोनशे एकराचा ओघळ कसा वाहतो ते स्पष्ट दिसते. आणि इथेच खरी अडचण समोर येते : पाणी गटाची हद्द मानत नाही. एका कुटुंबाला इथे आणि दुसऱ्याला चार मैलांवर जमीन मिळाली तर कोणालाच पाणी अडवता येत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की योजनेत अर्ज करताना गावातल्या पाच-सहा पात्र कुटुंबांनी मिळून लगतच्या गटांची मागणी करावी. एक सामाईक शेततळे, एक विहीर, एक मोटर. अशी मागणी नकाशासह गेली तर तिला नाही म्हणणेही अवघड जाते.

रिकामी दिसणारी जमीन

आतापर्यंत नकाशा आपल्या बाजूने कसा वापरायचा हे सांगितले. तो आपल्या विरुद्धही वापरला जातो.

वरून पाहिले तर गायरान रिकामे दिसते. पडीक जमिनीच्या सरकारी नकाशांत खुरटे गवत आणि झुडपे असलेली कितीतरी जमीन 'पडीक' या रंगात रंगवलेली असते. त्यावर कोणाच्या शेळ्या चरतात, कोण सरपण आणते, कोणत्या चार कुटुंबांनी दगड वेचून बाजरी पेरली, हे त्या रंगात नाही. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठी वीज उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी नाममात्र दराने दिल्या जात आहेत. दिवसा वीज हवीच, सौर ऊर्जेला आमचा विरोध नाही. पण उपकेंद्राभोवती वर्तुळ काढून आतली 'रिकामी' जमीन शोधली जाते तेव्हा त्या वर्तुळात आपली वहिवाट आहे की नाही, हे आपण आधी दाखवले पाहिजे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. त्या लढ्याच्या वाटेवरूनच पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. त्याने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील अनुसूचित जाती-जमातींसह भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची वाट उघडली. कित्येक प्रकरणे अजून पडून आहेत. दरम्यान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानधारकांना नोटिसा गेल्या. नोटीस देणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. जगपाल सिंग निकालातच अपवाद नोंदवला आहे : शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना भाडेपट्टा दिलेला असेल, अशा अपवादात्मक प्रकरणांत नियमितीकरण करता येते.

मग १९९० पूर्वीची वहिवाट उपग्रहाने सिद्ध होते का? काही प्रमाणात. लँडसॅटच्या १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील प्रतिमा शोधून पाहाव्यात. तीन-चार एकराचे सलग, चौकोनी, नांगरलेले रान आजूबाजूच्या गवताळ माळापेक्षा वेगळे उठून दिसू शकते. पण एक एकर म्हणजे तिथे साडेचार चौकोन, ते दिसतीलच असे नाही. म्हणून 'प्रतिमेत दिसत नाही, म्हणजे वहिवाट नव्हती' हा युक्तिवाद समोरून आला तर तो ठामपणे नाकारा. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिले आहे की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरावी, त्यांच्या जागी नाही. तो नियम गायरानाला लागू होत नाही, पण त्यामागचे तर्कशास्त्र तेच आहे. आपला मुख्य पुरावा गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद, दंडाच्या पावत्या, जुनी पीकपाहणी आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब हाच राहील. प्रतिमा त्याला जोडायची.

महार वतनाच्या, म्हणजे इनाम वर्ग सहा-ब च्या जमिनींचेही असेच. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी पुन्हा वतनदारांच्या वारसांना द्यायच्या होत्या. आज गावागावांत त्या गटांवर काय उभे आहे, ऊस आहे की मंगल कार्यालय, हे सातबारा आणि प्रतिमा शेजारी ठेवली की अर्ध्या तासात कळते. हे काम कोणत्याही विहारातला दहा जणांचा गट करू शकतो.

कामाला लागताना

सीमा आणि मालकी उपग्रह सांगत नाही. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज आणि फी, याला पर्याय नाही. कोर्टात गुगल अर्थचे चित्र दाखवून बांध सरकत नाही.

गायरानावरील वहिवाटीचे नकाशे काढलेत तर ते फेसबुकवर आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कोण कुठे कसतो याची ती आयती यादी होते, आणि ती कोणाच्या हाती लागेल याचा भरवसा नाही. आधी वस्तीत बैठक घ्या, ज्यांची जमीन आहे त्यांना दाखवा, त्यांनी हो म्हटले तरच कार्यालयात द्या. या बैठकीत बाया असल्याच पाहिजेत. योजनेची जमीन पती-पत्नीच्या संयुक्त नावावर होते, विधवा आणि परित्यक्तांना तिथे प्राधान्य आहे, आणि कोणत्या विहिरीचे पाणी कधी आटते हे पाणी शेंदणारीलाच नेमके ठाऊक असते. तिने सांगितलेला महिना आणि आलेखातला महिना जुळला नाही, तर आपली चौकट चुकीच्या गटावर आखली गेली का, ते आधी तपासा.

कार्यालयात द्यायच्या प्रत्येक छापील प्रतिमेवर उपग्रहाचे नाव, प्रतिमेची तारीख, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, गट नंबर, प्रतिमा कोणत्या संकेतस्थळावरून आणि कधी घेतली, ती कोणी घेतली, हे लिहून खाली सही करा. सोबत त्याच जागेवर उभे राहून काढलेला, ठिकाण नोंदवलेला फोटो लावा. एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.